बुद्धी चालविली म्हणजे भक्ती बुडते काय?

(गावच्या चावडीपुढे शेतकरी, कारागीर व मायभगिनींच्या सभेत दिलेले व्याख्यान)



आजचा विषय पोथीतला नाही, तुमच्या माजघरातला आहे. घरचे पोर चार बुके शिकते आणि एके दिवशी विचारते, "आई, हा नवस कशासाठी? बाबा, ह्या पूजेस कर्ज कशाला?" म्हातारी माणसे लागलीच म्हणतात, पाहा, पोर शिकले आणि देवास मुकले. तिकडे शहरातला एखादा पदवीधर म्हणतो, जो देव मानतो त्याचे डोके अजून उघडलेलेच नाही. ह्या दोघांचे भांडण आहे असे दिसते खरे. परंतु नीट पाहाल तर दोघे एकच गोष्ट बोलत आहेत. दोघांच्याही मते बुद्धी आणि भक्ती ह्या सवती होत. एक घरात आली की दुसरीने बिऱ्हाड उचललेच पाहिजे. हे खरे आहे काय, एवढाच प्रश्न आज आम्हांस आपणांपुढे मांडावयाचा आहे.

तुम्ही परीक्षा करणारे लोक आहात. मडके घेताना बोटाने वाजवून घेता. बैल घेताना त्याचे दात पाहता, चार पावले चालवून पाहता. बियाणे पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवता आणि किती उगवले ते मोजता. सोनार तर कसोटीवर घासल्यावाचून सोन्यास सोने म्हणत नाही. चार पैशांच्या मडक्याची परीक्षा करावयाची आणि जन्मभराच्या धर्माची करावयाची नाही, हा कोठला व्यवहार? मडके वाजविल्याने फुटत नाही. ते आधीच फुटलेले असेल तर मात्र तसा आवाज देते. एवढे मनात धरून पुढे चला.

ह्या प्रश्नाचा परदेशच्या विद्वानांनी अलीकडे पुष्कळ शोध केला आहे. त्यांच्याजवळ माणसाचा विचार जोखण्याचे एक कोडे आहे. अमेरिकेतील शेन फ्रेडरिक यांनी २००५ साली ते प्रसिद्ध केले. त्यांच्या कोड्यात चेंडू आणि बॅट आहे. आम्ही तुमच्यासाठी विळा घेतो. विळ्याचे पाते आणि मूठ मिळून ११० रुपये पडले. पाते मुठीपेक्षा १०० रुपयांनी महाग. तर मूठ केवढ्याला? मनात चटकन उत्तर येते, १० रुपये. पण मूठ १० रुपयांची तर पाते ११० रुपयांचे, आणि बेरीज होते १२०! खरे उत्तर ५ रुपये. हुशार म्हणविणारे पुष्कळ लोक येथे फसतात. पहिल्याने मनात आलेले उत्तर क्षणभर दारात अडवून त्याची झडती घेणे, ह्यालाच आम्ही चिकित्सा म्हणतो. चलाखी निराळी आणि चिकित्सा निराळी, हा भेद विसरू नका. पुढे तो कामास येईल.

आता कॅनडातील दोन संशोधकांनी २०१२ साली 'सायन्स' ह्या नामांकित नियतकालिकात लिहिले की, असली कोडी बरोबर सोडविणारांत देवावरील श्रद्धा थोडी कमी आढळते. इतकेच नव्हे, तर विचारमग्न बसलेल्या माणसाच्या पुतळ्याचे चित्र दाखविले तरी श्रद्धा घटते. झाले! पदवीधरांनी टाळ्या पिटल्या. परंतु २०१७ साली दुसऱ्या संशोधकांनी पुतळ्याचा तोच प्रयोग कितीतरी अधिक माणसांवर करून पाहिला, तेव्हा तसे काही घडले नाही. २०१८ साली १३ देशांतील लोकांची तपासणी प्रसिद्ध झाली. चिकित्सा आणि नास्तिकता यांचा संबंध फार दुबळा असून देशोदेशी बदलतो, असे तीत निघाले. आणि ही तपासणी करणारांत २०१२ चा तो शोध लावणारा एक संशोधकही होता. पाहा, आपल्याच जुन्या निकालाची फेरतपासणी करण्यास तो लाजला नाही. तसेच २०१३ साली ६३ जुन्या पाहण्या एकत्र करून काढलेला एक निष्कर्ष आहे. त्यात बुद्धी जास्त तेथे धार्मिकता काहीशी कमी असे आढळले. हेही आम्ही लपवीत नाही. पण त्या पाहण्या बहुतेक पाश्चात्त्य देशांतल्या, आणि 'काहीशी' म्हणजे काहीशीच. पावसाळ्यात ढग आला म्हणजे पाऊस पडेलच असे जसे नाही, तसे हे आहे.

अमेरिकेतील २०२१ सालच्या एका पाहणीत मात्र एक गोष्ट निघाली, ती आयाबायांनी पदरास गाठ मारून ठेवावी. माणसे श्रद्धा कशाने गमावतात ह्याची अनेक कारणे तेथे तोलून पाहिली. चिकित्सेचे वजन अल्प भरले. सर्वांत भारी कारण हे निघाले की, घरची थोर माणसे तोंडाने जे मानतात त्याप्रमाणे वागताना मुलांनी लहानपणी पाहिलेली नव्हती. बाप हातात माळ घेऊन वजनात मारतो, सासू एकादशी करते आणि सुनेस उपाशी ठेवते, हे पोर रोज पाहते. मग त्याच्या मनातला देव शाळेने पळविला म्हणावयाचे काय? दिव्याखालचा अंधार आपला, आणि ओरड शेजाऱ्याच्या नावाने!

परदेशचे राहू द्या. आपल्या देशातील तीन माणसे पाहा. तिघांच्याही बुद्धीबद्दल वैऱ्याससुद्धा शंका नाही, आणि तिघांनीही रूढ धर्माची कसून झडती घेतली. जोतीराव फुले यांनी १८७३ साली पुण्यास सत्यशोधक समाज काढला. भटभिक्षुकांची मध्यस्थी त्यांनी झुगारली, ग्रंथांची चिरफाड केली. परंतु ह्या सर्व विश्वाचा एक निर्मिक आहे आणि आपण सारी त्याची लेकरे आहोत, ही श्रद्धा त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. त्यांचे सत्यधर्मावरील पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली बाहेर आले, त्यातही निर्मिक जागोजाग आहे. मद्रासेकडे पेरियार रामस्वामी यांनी तीच झडती घेतली आणि देव नाहीच, असा उघड निकाल दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३५ साली येवले येथे जाहीर केले की, आपण हिंदू म्हणून मरणार नाही. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बुद्धाच्या धम्माची दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे त्यांनी वाचनात, तुलनेत आणि विचारात घालविली. एकवीस वर्षे पारखून घेतलेल्या श्रद्धेस कच्ची कोण म्हणेल?

तीन तल्लख बुद्धी, आणि तीन निरनिराळे मुक्काम! तेव्हा बुद्धी माणसास अमुकच गावी नेऊन सोडते, हे म्हणणे पोकळ आहे. आता तिघांत समान काय ते पाहा. जन्माने उच्चनीच ठरविणे तिघांनीही नाकारले, आणि धर्माच्या नावाने होणारी लूट तिघांनीही उघडी केली. चिकित्सेच्या चाळणीतून देव खाली पडला की वर राहिला, ह्यावर तिघांचे एकमत नाही. पण अन्याय मात्र तिघांच्याही चाळणीत कचरा ठरला.

आता दुसरी बाजू. बुद्धी असली म्हणजे चिकित्सा असतेच काय? मुळीच नाही. ज्यांनी स्त्रीशूद्रांस विद्येची बंदी करणारे ग्रंथ रचले ते काय बुद्धीने मंद होते? त्यांच्यासारखा काथ्याकूट करणारे जगात थोडे. पण त्यांची बुद्धी न्यायाधीश नव्हती, वकील होती. निकाल आधी ठरलेला, आणि मग त्यास पुरावा शोधावयाचा. वकील जितका हुशार तितके खोटे अधिक खरे वाटणार!

आणि हे केवळ जुन्या काळातच घडले असे नाही. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध पितो अशी आवई उठली. रांगेत उभे कोण होते? अडाणी कुणबी एकटाच नव्हता. डॉक्टर होते, इंजिनियर होते, मोटारींतून उतरलेले साहेब होते. शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखविले की, चमच्याचे दूध ओल्या दगडास टेकताच त्याला लागून ओढले जाते आणि पातळ थर होऊन मूर्तीच्या अंगावरून खाली उतरते. दिव्याची वात तेल वर ओढते हे तुमच्या घरची दहा वर्षांची मुलगी रोज पाहते. पातळ पदार्थाच्या अंगचा हाही तसाच गुण. पदवी होती, पण "थांबा, खाली दूध सांडते काय ते पाहू" म्हणणारा कोणी नव्हता. तेव्हा शाळा म्हणजे चिकित्सा नव्हे. आणि उलट, शाळेचे तोंड न पाहिलेला माणूसही मोठा चिकित्सक असू शकतो. गाडगे महाराज अक्षरशत्रू होते. त्यांचे कीर्तन म्हणजे प्रश्नांचा भडिमार. लोकांच्याच तोंडून उत्तरे काढून घ्यावयाची. बोकड कापू नका, कर्ज काढून जेवणावळी घालू नका, मुलांस शाळेत घाला, हा त्यांचा उपदेश. त्यांनी पंढरपुरास, नाशकास यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधविल्या. मुखी देवाचे नाव, हाती खराटा. ह्या माणसाची भक्ती खोटी होती असे ज्यास म्हणावयाचे असेल त्याने उठून उभे राहावे!

मग चिकित्सेने घडते तरी काय? आमचे म्हणणे असे की, चिकित्सा म्हणजे मळणी. कणसातून दाणा काढावयाचा तर बैल फिरवावेच लागतात, आणि वाऱ्यावर उपणावेच लागते. भुसा उडतो, दाणा खाली राहतो. श्रद्धेच्या राशीत तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: खरी भक्ती, मनातली भीती आणि दुसऱ्याचे पोट. उपणून पाहिल्याशिवाय कशास काय म्हणावे हे कळत नाही.

देवीच्या रोगाचे उदाहरण घ्या. पूर्वी अंगावर फोड उठले की देवी आली म्हणत. औषध द्यावयाचे नाही, देवी कोपेल, ही भीती. १७९६ साली इंग्लंडात एडवर्ड जेन्नर यांनी गाईच्या देवीची लस टोचण्याचा प्रयोग केला आणि १८०२ साली ती लस मुंबईस पोचली. आपल्या लोकांनी त्या टोचण्यासही 'देवी काढणे' असेच नाव दिले. म्हाताऱ्यांच्या दंडावर त्या खुणा अजून आहेत. भारतात ह्या रोगाचा शेवटचा रोगी १९७५ साली सापडला, आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने तो रोग साऱ्या पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. आता सांगा, रोग गेला म्हणून देवीची देवळे ओस पडली काय? जत्रा भरतच आहेत, ओट्या भरल्या जातच आहेत. गेले काय? तर आंधळ्या झालेल्या लेकरांच्या आयांचा आक्रोश गेला. भीती उडाली, ज्यांची भक्ती होती त्यांची राहिली.

आता जेथे अजून उपणणी झालेली नाही ते सांगतो, कारण तेथे आजही माणसे मरत आहेत. आमच्या देशात २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे दर वर्षाला ५८ हजारांच्या आसपास. हे मेले ते बंगल्यांत राहणारे नव्हेत. पहाटे पाणी द्यावयास गेलेला शेतकरी, भाताची कापणी करणारी मजूर बाई, जमिनीवर निजलेले पोर, हे ते लोक. आणि यांतील कितीतरी आधी मांत्रिकाच्या दारी नेलेले असतात.

तुम्ही म्हणाल, पण मांत्रिकाने उतरविलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे! पाहिले असेल. पण मूळ गोष्ट ऐका. बहुतेक साप बिनविषारी असतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार मुख्य घातकी. आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो पुरते विष सोडतोच असे नाही. असली माणसे मंत्राशिवायही वाचणारच होती. ती वाचतात आणि मांत्रिकाचा डंका पिटतात. जी मेली ती डंका पिटावयास कोठून येणार? त्यांच्याबद्दल म्हणतात, 'त्याची वेळ भरली होती'. ग्रीस देशातील डायगोरस नावाच्या एका जुन्या पुरुषाची गोष्ट सांगतात. देवळात त्यास समुद्रातून वाचलेल्या लोकांनी नवस फेडून टांगलेली चित्रे दाखविली. त्याने विचारले, नवस करूनही जे बुडाले त्यांची चित्रे कोठे आहेत? बाबांनो, हा एकच प्रश्न शिकाल तर अर्धी चिकित्सा शिकलात.

विंचवाचेही तेच. कोकणातला लाल विंचू चावला की लोक मंत्र घालीत बसत आणि मूल हातचे जाई. महाडकडे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रोग्याच्या खाटेपाशी रात्रंदिवस बसून पाहिले की, हे विष हृदयावर घाला घालते. रक्तदाबाचे 'प्राझोसिन' नावाचे साधे औषध त्यांनी योजिले. पूर्वी अशा गंभीर रोग्यांत शंभरांतले तीस-चाळीस दगावत, ते प्रमाण एक-दोनावर आले. हे डॉक्टर गरीब शेतकऱ्याचेच पुत्र. देव आहे की नाही ह्याचा वाद त्यांना घालावा लागला नाही; पोर का मरते, एवढेच त्यांनी नीट पाहिले.

म्हणून आमचे सांगणे असे. कोणास साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, दोरीने करकचून आवळू नका. रोग्यास धीर द्या, चावलेला अवयव हलू देऊ नका आणि मिळेल त्या वाहनाने सरकारी दवाखान्यात न्या, कारण विषावर खरा उतारा म्हणजे सर्पविषाची लस. देवाचा अंगारा लावावयाचा तर गाडीत बसल्यावर लावा; देव तेवढ्याने रागावणार नाही. पण अंगाऱ्यासाठी गाडी थांबवू नका. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसास औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणे हा त्याखाली गुन्हा आहे. आणि वारी, यात्रा, प्रदक्षिणा, भजन, कीर्तन यांस त्याच कायद्यात स्पष्ट मोकळीक आहे. ज्यांनी ह्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे जिवाचे रान केले त्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांस २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालून ठार मारण्यात आले. प्रश्नास उत्तर असते तर कोणी बंदूक कशाला उचलली असती?

आता एक गोष्ट सरळ कबूल केली पाहिजे. परीक्षा करता करता काही माणसांची देवावरील श्रद्धा पार जातेही. जोतीरावांच्या वाटेने सारेच निर्मिकापाशी थांबतील असे नाही; काही पेरियारांच्या मुक्कामास जातील. जाऊ द्या! असे पोर आपले पोर नाही काय? ते खरे बोलते, कोणास लुबाडीत नाही, आईबापांस सांभाळते, तर त्यास घरातून तोडू नका. आणि त्या पोरासही आमचे सांगणे आहे. तुझी आजी पंढरीस चालत जाते ती मूर्ख म्हणून नव्हे. तिच्या दुःखाच्या वेळी तिला कोणी सोबती नव्हता, तेव्हा तो विठोबा होता. तिला ठगविणारास जाब विचार, तिला हसू नकोस.

ह्याच आमच्या महाराष्ट्रात १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई यांच्या शाळेतील मुक्ता नावाच्या मांग जातीच्या मुलीने एक निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' पत्रात छापला गेला. वेद जर ब्राह्मणांचेच तर आमचा धर्म कोणता, अशा अर्थाचा सवाल तिने त्यात केला. तो सवाल तिने कोणास केला ठाऊक आहे काय? खुद्द देवास! जिचा देवावर विश्वासच नसता ती देवापाशी दाद कशाला मागती? त्या पोरीच्या सवालात जेवढी चिकित्सा होती तेवढीच भक्ती होती. भिऊन नमस्कार करणारे लाखो होते. देवाशी खरे बोलणारी ती एक शाळकरी मुलगी निघाली.

तेव्हा मायबापहो, घरातील लेकरू विचारू लागले तर त्याच्या तोंडावर हात ठेवू नका. उलट कोणताही विधी, कोणताही नवस, कोणताही बुवा पुढे आला की त्याच्याबरोबर बसून तीन गोष्टी विचारा. हे सांगणाराचा ह्यात लाभ काय? हे खोटे असेल तर ते आपणांस कळावयाचे कसे? आणि हे केल्याने घरचे माणूस अधिक सुखी, अधिक दयाळू होईल की अधिक कर्जबाजारी? ह्या तीन सवालांतून जी श्रद्धा तरेल ती खुशाल पाळा. तिला कोणाच्या बुद्धीचे भय नाही. जी तरणार नाही ती तुमची नव्हतीच. कोणीतरी आपल्या सोयीने तुमच्या गळ्यात बांधली होती.

 कोणास शंका असेल त्याने येथेच उभे राहून विचारावे. आम्ही जे सांगितले तेही वाजवूनच घ्या.